सुट्टीतले विज्ञान आणि मास्तरांचा जोडधंदा

१/ मे महिना लागला की भाईंदर पश्चिमेला इमारतींच्या फाटकांवर आणि दुकानांच्या काचांवर उन्हाळी शिबिरांची पत्रके दिसू लागतात. पोहणे, चित्रकला, नृत्य यांच्या जोडीला आता 'विज्ञान शिबिर' हा प्रकारही रुळला आहे. शिकवणारे बहुधा दोन-तीन शिक्षक, जागा एखाद्या सोसायटीचे सभागृह, आणि सोबत साहित्याची एक पेटी.

२/ या पत्रकांवर दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक : 'शिक्षकांनीही शेवटी दुकान मांडले.' दुसरी : 'निदान मुले मोबाइलपासून दूर तरी राहतात.' दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते, की हा प्रकार अगदी नवा आहे. या थ्रेडमध्ये त्या समजुतीची तपासणी करू. सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

३/ सुरुवात लंडनपासून करू, कारण सुट्टी, मुले, विज्ञान आणि शुल्क या चारही गोष्टी एकत्र आलेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तिथले आहे. १८२५ साली रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेने नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू केली. प्रवेश विनामूल्य नव्हता. या मालेचा आधारस्तंभ होता मायकेल फॅरडे. त्याने एकट्याने अशा एकोणीस माला गुंफल्या.

४/ त्यांतली मेणबत्तीवरची माला सर्वांत गाजली. एक साधी मेणबत्ती पेटवायची आणि तिच्या ज्योतीपासून ज्वलन, हवा, पाणी, कार्बन आणि माणसाचा श्वास इथपर्यंत पोहोचायचे. उपकरण घराघरात असलेले, प्रश्न मात्र साऱ्या रसायनशास्त्राचे. १८६१ मध्ये ही व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात.

५/ पण फॅरडे व्यासपीठावर पोहोचला कसा, हे आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचे. तो गरीब घरातला, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१०-११ च्या सुमारास जॉन टॅटम नावाचा गृहस्थ लंडनमध्ये विज्ञानावर व्याख्याने देत असे. शुल्क, दर व्याख्यानाला एक शिलिंग. फॅरडेजवळ तो नव्हता. लोहारकाम करणारा त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट तो भरत असे.

६/ पुढे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. फॅरडेने टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये तो त्यांचा साहाय्यक झाला. विजेच्या जनित्रामागचे तत्त्व ज्याने पुढे शोधले, त्याच्या वाटेवर आधी भावाचा शिलिंग होता आणि मग एका ओळखीच्या माणसाची कृपा. हा शिलिंग लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

७/ आता मुंबईत येऊ. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला पत्रकार म्हणून ठाऊक आहेत. पत्रकार दिन त्यांच्याच नावाने साजरा होतो. पण त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय अध्यापनाचा होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते शिकवत. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले.

८/ ही नोकरी सांभाळून त्यांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. मराठीतले हे पहिले मासिक. त्यात भूगोल, इतिहास आणि विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांवर लेख येत. वर्गात जे काही मोजक्या विद्यार्थ्यांपुढे इंग्रजीत मांडायचे, ते वर्गाबाहेरच्या वाचकापुढे मराठीत मांडायचे, असा हा उद्योग होता. मासिक सुमारे पाच वर्षे चालले. १८४६ मध्ये बाळशास्त्री वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते.

९/ त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. साहित्य आणि विज्ञान ही दोन्ही नावे एकाच पाटीवर होती. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभांमध्ये स्वभाषेत निबंध वाचले जात. तरुण दादाभाई नवरोजी या मंडळींतलेच. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

१०/ १८४९ मध्ये याच सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. शिकवणारे होते सोसायटीचेच तरुण सभासद, आणि तेही बिनपगारी. आपले नेहमीचे काम सुरू होण्याआधी, सकाळच्या वेळात ते शिकवायला जात. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. शिक्षकाच्या मोकळ्या वेळेचा असाही उपयोग मुंबईने पाहिला आहे.

११/ म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत दोन नमुने तयार झाले होते. एक, वर्गणीवर चालणारे ज्ञान. दुसरा, कुणाच्या तरी देणगीवर आणि शिक्षकाच्या फुकट श्रमांवर चालणारे ज्ञान. तिसरा नमुना पाहण्यासाठी थोडे उत्तरेला, लाहोरला जावे लागेल. त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो, म्हणून हा वळसा.

१२/ लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजमध्ये रुचिराम साहनी विज्ञान शिकवत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांचे हे वडील. १८८५ मध्ये प्राध्यापक ओमन यांच्यासोबत ते 'पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट'च्या स्थापनेत सहभागी होते. संस्थेचा हेतू, सामान्य माणसापुढे त्याच्या भाषेत, प्रयोग करून दाखवत विज्ञान मांडणे. साहनी पंजाबीत बोलत आणि गावोगावच्या व्याख्यानांना दुकानदारही येऊन बसत.

१३/ या व्याख्यानांना तिकीट असे, आण्यांच्या घरातले. तमाशाला किंवा नाटकाला जसे लोक पैसे मोजून जातात, तसे विज्ञानाला जात होते. पण साहनींचे मोठे काम तिकीटविक्रीच्या पुढचे. शाळा-कॉलेजांतली उपकरणे विलायतेहून येत. मोडली की दुरुस्त करणारा मिळत नसे आणि नवी घेण्याएवढे पैसे शाळांकडे नसत.

१४/ साहनींनी आपल्याच घरी एक कार्यशाळा उघडली. रेल्वेच्या कामात हात बसलेला अल्लाबक्ष नावाचा कारागीर सोबत घेतला. आधी दुरुस्ती, मग नवी उपकरणे बनवणे, आणि ती शाळांना स्वस्तात देणे. १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत ही लाहोरी बनावटीची उपकरणे मांडली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीचे पुणे तेव्हा स्वदेशी उद्योगाचा विचार करत होते, त्या काळातली ही गोष्ट.

१५/ इथे जोडधंदा या शब्दाचा अर्थ बदलतो. व्याख्यान संपले की तिकिटाचा मोबदला संपतो. पण एखाद्या शाळेच्या कपाटात गेलेले स्वस्त उपकरण पुढची अनेक वर्षे शिकवत राहते, आणि ज्याने तिकीट काढले नव्हते अशा मुलालाही शिकवते. शिक्षकाचा उद्योग शाळेशी स्पर्धा न करता शाळेला पुरवठा करू लागला.

१६/ आता परत मुंबई, १८९६. ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी लोकांना राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा डांबराने काळा झालेला दिसला. गळ्यात जोड्यांची माळ. हे काम चापेकर बंधूंचे, हे पुढे उघड झाले. सरकारपुढे प्रश्न होता तो संगमरवरात मुरलेल्या डागांचा. ते काढायचे कसे?

१७/ ते काढले एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मूळचे सुरतेचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या 'कलाभवन'चे ते संस्थापक. १८९६ पासून मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक. १८९८ मध्ये त्यांनी पुतळा पूर्ववत केला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

१८/ राजकीयदृष्ट्या आपण या घटनेकडे कसेही पाहू, पण पुढचा भाग महत्त्वाचा. गज्जरांनी गिरगावात स्वतःची 'टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी' उभी केली. तिथे तरुणांना प्रत्यक्ष प्रयोगातून रसायनशास्त्र शिकता येई, आणि व्यापाऱ्यांची कामेही होत. मोत्यांना पुन्हा झळाळी आणण्याच्या प्रक्रियेतून गज्जरांनी मोठी कमाई केली. शिकवणे आणि कमावणे एकाच छपराखाली चालत होते.

१९/ या प्रयोगशाळेतून काय निघाले? गज्जरांच्या हाताखाली तयार झालेले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये बडोद्यात 'अलेम्बिक' ही औषधनिर्मितीची कंपनी उभी केली. देशी औषधउद्योगाच्या आरंभीच्या पानांवर तिचे नाव आहे. शिक्षकाचा खासगी उद्योग म्हणजे केवळ शिकवणी, असे मानणाऱ्यांनी गिरगावची ही प्रयोगशाळा विसरू नये.

२०/ शिक्षकाचा जोडधंदा त्याच्या अन्नाचा प्रश्नही असतो. त्याच काळात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर शिकवत होते. जोडीला त्यांचा आणि भाऊ रामूअण्णांचा सायकलविक्रीचा धंदा होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात विकत. गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत.

२१/ हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. हाताशी जोडधंदा होता म्हणूनच ते सोडू शकले. त्या दुकानातून पुढे नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही यशाची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. तिची दुसरी बाजू अशी, की त्या संस्थेने एक उत्तम शिक्षक कायमचा गमावला.

२२/ स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. विज्ञान शाळेच्या वेळापत्रकात सर्वत्र आले, पण पुष्कळदा खडू-फळ्यापुरतेच. म्हणून शाळेबाहेरची धडपड पुन्हा सुरू झाली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले.

२३/ होशंगाबादचे वैशिष्ट्य असे की तिथे प्रयोग सरकारी शाळेतच, शाळेच्या वेळेत होत. शुल्काचा प्रश्नच नव्हता. याच कामातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून भूमितीचे आकार बनवून दाखवले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी रचली. महागड्या पेटीशिवायही विज्ञान शिकवता येते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

२४/ मुंबईच्या भाभा केंद्राने १९८० च्या दशकाच्या आरंभी महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. या कामातून ठळकपणे पुढे आलेली अडचण बुद्धीची नव्हती, भाषेची होती. पाठ्यपुस्तकातले बोजड वाक्य मुलाला विज्ञानापर्यंत पोहोचूच देत नव्हते. बाळशास्त्रींनी १८४० मध्ये ज्या दारावर हात ठेवला होता, तेच हे दार.

२५/ १९८१ मध्ये मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे. हेतू असा की पाठांतर न करता प्रयोग करणारे मूल ओळखता यावे. शिक्षकांनी नोकरीबाहेरच्या वेळात उभारलेले हे काम आहे. त्याच परीक्षेच्या तयारीसाठी नंतर खासगी वर्ग निघाले, हेही इतिहासातच नोंदवावे लागेल. पाठांतराला उत्तर म्हणून आलेल्या परीक्षेभोवती नव्या पाठांतराचा बाजार उभा राहिला.

२६/ आता कायदा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ म्हणते की कोणत्याही शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करू नये. प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने शुल्क घेऊन शिबिर काढायचे ठरवले, तर हे कलम त्याच्यासमोर उभे राहतेच. हेतू उघड आहे : जे वर्गात शिकवायचे, ते हातचे राखून संध्याकाळी विकले जाऊ नये.

२७/ त्याच वेळी दुसरी बाजूही पाहा. महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काम करतो. २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिना ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. भाईंदरसारख्या उपनगरात भाडे देऊन या रकमेत राहायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर कलम २८ देत नाही.

२८/ म्हणून 'शिक्षकाने कमवावे का' या प्रश्नावर इतिहासाने एकच एक निकाल दिलेला नाही. बाळशास्त्रींनी मासिक चालवले, साहनींनी तिकीट लावले, गज्जरांनी चांगली कमाई केली, सोसायटीच्या तरुणांनी काहीच घेतले नाही. या सर्वांचे आपण ऋणी आहोत. फरक पडतो तो तीन ठिकाणी, आणि तिथेच आजच्या शिबिरालाही प्रश्न विचारावेत.

२९/ पहिला प्रश्न : शिबिर संपल्यावर मागे काय उरते? 'दिग्दर्शन'चे अंक उरले, साहनींची उपकरणे उरली, गज्जरांचे विद्यार्थी उरले. आज आठ दिवसांनंतर मुलाजवळ प्रमाणपत्र आणि छायाचित्र एवढेच उरत असेल, तर ती करमणूक झाली. घरच्या वस्तूंनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सवय उरली, तर ते शिक्षण झाले.

३०/ दुसरा प्रश्न : हे शाळेत का होत नाही? शिबिरात ज्वालामुखीचा फेस काढून दाखवणाऱ्या बाई किंवा सर वर्षभर वर्गात फक्त प्रश्नोत्तरे उतरवून देत असतील, तर दोष नेहमी त्यांचा नसतो. पटसंख्या, पोर्शन, शाळाबाह्य कामे यांत प्रयोगाची तासिका पहिली बळी जाते. तरीही शिबिरातली एखादी युक्ती जूनमध्ये वर्गात शिरली, तर लाहोरच्या कार्यशाळेचा वारसा चालू राहील.

३१/ तिसरा प्रश्न : दाराबाहेर कोण उभे आहे? भाईंदरची ओळख मिठागरांशी जोडलेली आहे. इतिहासप्रेमींना चौक गावाजवळचा धारावी किल्ला ठाऊक असतो, वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज त्याच्यासाठी झुंजले होते. पण खाडीकाठचे मिठागर हेसुद्धा इतिहासाचे साधन आहे, आणि उत्तम प्रयोगशाळाही.

३२/ भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांतून पुढे पुढे न्यायचे आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. पाणी दाट होत जाते, तसे त्यातले क्षार एकाच वेळी नव्हे, तर क्रमाने बाहेर पडतात. आधी चुनखडीचा अंश, मग जिप्सम, मग आपले खाण्याचे मीठ. शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. ते वेळेत काढून टाकले नाही, तर मीठ कडू होते आणि ओल धरते.

३३/ बाष्पीभवन, संपृक्त द्रावण, स्फटिकीकरण हे शब्द पाठ्यपुस्तकात आहेत. मिठागरात राबणाऱ्या माणसाला ही क्रिया पाण्याच्या रंगावरून आणि बोटाला लागणाऱ्या चवीवरून कळते. मिठाचा हंगाम पावसाळा येईपर्यंत, म्हणजे नेमका शाळेच्या सुट्टीत भरात असतो. सभागृहात पेटीतल्या पुडीतून मीठ काढून स्फटिक 'वाढवणारे' शिबिर त्या वाफ्यांपासून फार लांब नसते.

३४/ अशा शिबिरातल्या मुलांना सकाळच्या कमी उन्हात, रीतसर परवानगीने, मिठागराच्या बांधावर नेता येईल. तिथे शिक्षक असेल तो मिठागरात काम करणारा माणूस. त्याच्या घरातले मूलही त्या तुकडीत बसलेले असावे, आणि त्याच्या शुल्काचा अडसर येऊ नये. वीस मुलांच्या शुल्कात दोन मुलांची जागा सामावणे हिशेबाला जड नाही. पत्रकावर तशी एक ओळ छापावी लागेल, एवढेच.

३५/ फॅरडेच्या एका शिलिंगची गोष्ट इथे पूर्ण होते. टॅटमने शुल्क घेतले म्हणून त्याला कुणी दोष दिला नाही. तो व्याख्याने देत होता म्हणूनच फॅरडेला विज्ञान भेटले. पण ते भेटले, कारण त्याला रॉबर्टसारखा भाऊ होता. तसा भाऊ नसलेली किती मुले त्याच रस्त्यावरून पुढे निघून गेली, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही.

३६/ तुमच्या आठवणीत असे एखादे शिबिर, एखादे शिक्षक, एखादा प्रयोग असेल तर खाली जरूर लिहा. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, काय करून दाखवले होते आणि त्यातले आज काय आठवते, एवढे जरी लिहिले तरी पुरे. शाळेबाहेरच्या विज्ञानाचा इतिहास बहुतांशी कागदावर आलेलाच नाही, तो अशाच आठवणींतून जमवावा लागेल.

(थ्रेड समाप्त)